बॅगेतलं साऊंड कार्ड

खाली जे लिहितोय त्यातला अर्धा भाग मी एकवीस वर्षं कुणालाच सांगितला नव्हता. बायकोलाही नाही. उरलेला अर्धा यंदा घडला. तो सांगायचा तर पहिला लपवून चालत नाही... करून पाहिलं, तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसता वाचतो. खरं सांगायचं तर हसायलाच यायचो. जन्म सगळा मेन्टेनन्समध्ये गेला, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, मोठ्या प्रेसवर पत्र्याचे पार्ट ठोकतात तिथे, इलेक्ट्रिशियन म्हणून. मीटर लावल्याशिवाय वायरमध्ये करंट आहे हेसुद्धा मी मानत नाही. कुणी लिहिलं की पंखा आपोआप फिरला, की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न — न्यूट्रल चेक केला का? तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी माझ्यावर खुशाल हसा. नावं बदललीत. कंपनीचं नाव लिहिणार नाही.

मिलिंद माझा मित्र. त्याच प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होता. कंपनीत प्रेस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गायचा. पिंपरीत, आमच्या वसाहतीत त्याची भीमगीतांची पार्टी होती. जयंतीच्या आठवड्यात तर त्याला घसा शेकायलाही वेळ मिळायचा नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण माईक, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी हे खातं माझ्याकडे. तो गेला तेव्हा त्याची मुलगी करुणा सात महिन्यांची होती.

कसा गेला ते पुढे येतंच.

या वर्षी करुणाचा फोन आला. ती आता हिंजवडीत नोकरी करते, आईबरोबर तळेगाव स्टेशनजवळ राहते. "काका, आईच्या कपाटात बाबांची एक कॅसेट सापडलीय. कुठल्यातरी प्रोग्रॅमची. तुम्ही कॉम्प्युटरवर घेऊन द्याल? मी बाबांचा आवाज कधी ऐकलाच नाही."

कॅसेट ती एकच. दुसरीकडे कुठे त्याचा आवाज नाही... तेव्हा मोबाईल कुणाकडे होते? मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठलं मला.

पिंपरीत सलीमभाईंचं दुकान आहे, टीव्ही-टेप-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं. आता मोबाईलची काच बदलण्यावर चालतं, पण मागच्या फळीवर जुनं सामान जपून ठेवलेलं असतं. त्यांनी एक चालू टेपडेक दिला, स्वतःचा स्पीकर असलेला, आणि एक छोटं यूएसबी साऊंड कार्ड. डेकची वायर कार्डात, कार्ड लॅपटॉपला, की आवाज रेकॉर्ड. कॅसेट उजेडात धरून ते म्हणाले, "सुरेशभाऊ, भुकटी सोडतीय टेप. दहा-बारा वेळा चालेल. जास्त लाड करू नका."

म्हणजे मोजकेच प्रयत्न होते हातात, हे लक्षात ठेवा.

चिंचवडला घरी येऊन सगळं जोडलं. हेडफोन लावला, रेकॉर्ड दाबलं. आवाज आला... आणि तुटला. परत आला, परत तुटला. दर तीन-चार सेकंदांनी एक खाच. कुणी कात्रीनं कापत गेल्यासारखं. मिलिंद गातोय एवढं कळायचं, पण एक ओळ धड नाही.

म्हटलं, असतं असं. कॉम्प्युटरला बाहेरचं आवाजाचं यंत्र लावलं की ही कटकट नेहमीची. यूएसबीचं तोंड बदललं. मधला हब काढून थेट जोडलं. लॅपटॉप पॉवर वाचवायला यूएसबी झोपवतो, ती सेटिंग बंद केली. बफर वाढवला. वाय-फाय, ब्लूटूथ, अँटिव्हायरस सगळं बंद. ड्रायव्हर काढून नवा टाकला. वायर बदलली. भाच्याचा दुसरा लॅपटॉप आणला. प्रत्येक वेळी टेप थोडीशीच चालवायचो, भुकटीच्या भीतीनं. आणि प्रत्येक वेळी तेच.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. त्याच वायरीतून, त्याच कार्डातून बायकोची जुनी भजनांची कॅसेट वाजवली. स्वच्छ! एक खाच नाही. परत मिलिंदची लावली — तुटक. हेडफोन थेट डेकला लावला — मिलिंद स्वच्छ. कॉम्प्युटरमधून गेला की तुटक.

सलीमभाईंकडे सगळं बोचकं घेऊन गेलो. त्यांनी दुसरं कार्ड लावलं, दुसरा डेक लावला, अर्थिंग तपासलं. शेवटी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कार्ड बदललं, वायर बदलली, लॅपटॉप बदलला. आता बदलायचे फक्त तुम्ही राहिलात, भाऊ."

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. पण घरी येताना गाडीवर तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. आता कारण सांगतो.

त्या दिवशी मिलिंद सेकंड शिफ्टला होता. मी जनरलला. त्याच्या प्रेसला पुढून लाईट कर्टन होता. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला, किरण तुटला, की प्रेस जागच्या जागी थांबते. ऑपरेटरचा जीव त्या पडद्यावर. पण ऑइल उडून त्याची काच मळायची आणि प्रेस उगाचच थांबायची. फर्स्ट शिफ्टमध्ये दुपारी तसंच झालं. सुपरवायझर डोक्यावर उभा — "राव, गाडी उभी आहे लोडिंगला, काहीतरी कर!" आणि मी ते केलं जे आम्ही सगळेच मेन्टेनन्सवाले करायचो. पॅनल उघडून जंपर टाकला. तीन इंचांची लाल वायर. ती लावली की पॅनलला वाटतं, पडदा ठीक आहे. प्रेस थांबत नाही. काहीही झालं तरी थांबत नाही.

म्हटलं, एवढा लॉट जाऊ दे, मग काच पुसतो आणि काढतो. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, कारण जंपर लिहायचा नसतो. शिफ्ट बदलली. मिलिंद येताना मला दिसला, लांबून हात केला, "सुऱ्या, चहाला थांब!" मी म्हणालो, "ब्रेकला ये, मी आहे कॅन्टीनमध्ये." जंपरचं सांगायचं राहिलं. विसरलो. याहून मोठं कारण एकवीस वर्षांत मला सापडलेलं नाही.

मी कॅन्टीनमध्ये त्याची वाट बघत असताना ओरडा झाला. प्रेस ऑटोवर, म्हणजे आपोआप सलग चालू असताना पत्र्याचा पीस अडकला होता, आणि मिलिंद तो काढायला आत वाकला होता. पडदा होताच ना समोर... त्याच्या हिशेबी.

सगळे त्याला बाहेर काढत होते, तेव्हा मी मेन स्विच बंद केला. सगळ्यांना वाटलं, सुरेशला बरं सुचलं. मग मी पॅनल उघडून ती वायर काढली आणि खिशात टाकली, पडद्याची काचही पुसली. तपासणीला साहेब आले तेव्हा पडदा अगदी व्यवस्थित चालत होता. कागदावर आलं — ऑपरेटरनं बाजूनं हात घातला असावा, स्वतःचा निष्काळजीपणा. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मिलिंद हॉस्पिटलमध्ये पोचलाच नाही.

तर असा मी, आणि असल्या माणसाकडे त्याच्या मुलीनं त्याचा आवाज सोपवलेला. तीन आठवडे झाले, आवाज काही धड येईना.

शेवटी रविवारी सगळं सामान घेऊन तळेगावला गेलो. ठरलं होतं की तिथे एकदा शेवटचं कार्डावर बघायचं, नाहीतर डेकच्या स्पीकरसमोर मोबाईल ठेवून जसं येईल तसं रेकॉर्ड करायचं. करुणाला ऐन वेळी कंपनीतून बोलावणं आलं, ती निघून गेली होती. घरात मी आणि मिलिंदची बायको, सुजातावहिनी. सकाळचे अकरा वाजले असतील. बाहेर ऊन, खालच्या मजल्यावर कुणाचंतरी फरशी घासणं चाललेलं. कुकर गॅसवर. भुताखेताला शोभेल असं वातावरण अजिबात नव्हतं.

कार्ड लावलं, दोन मिनिटं टेप चालवली. तुटक! मी वैतागून चालू रेकॉर्डिंगमध्येच कार्ड उपटलं. लॅपटॉपवर एररची चौकट आली, रेकॉर्डिंग थांबलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कार्डाला वायर गुंडाळली, बॅगेत टाकलं, चेन लावली, बॅग दाराजवळ ठेवली. लॅपटॉप अर्धवट मिटवून बाजूला सरकवला.

"नाही होत, वहिनी. मोबाईलवर घेऊ."

"घ्या की भावजी. नुसता खर्रखर्र आला तरी चालेल तिला." वहिनी पदराला हात पुसत समोर येऊन बसल्या.

टेप पहिल्यापासून लावली. मोबाईल डेकसमोर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं, डेकचं बटण दाबलं.

दोन गाणी झाली. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. मग ढोलकी थांबली आणि मिलिंद बोलायला लागला. भुकटीच्या भीतीनं एवढ्या पुढे मी टेप कधी नेलीच नव्हती, आणि त्या प्रोग्रॅममधलं हे बोलणं विसरूनच गेलो होतो.

"मंडळी, मागपर्यंत आवाज येतोय ना? येणारच! माईक आमच्या सुरेशनं जोडलाय. कंपनीत माझी प्रेस पण हाच बघतो बरं का. तो आहे म्हणून तर मी डोळे झाकून हात घालतो!" लोक हसले. "ए सुरेश, लाजतो काय असा? पुढं ये की!"

आणि तिसरं गाणं सुरू झालं.

मला पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी जमिनीवर बसलो होतो आणि बोलत होतो. "वहिनी, मिलिंदची चूक नव्हती." मग पडदा, जंपर, चहा, लाल वायर, सही, सगळं. मिलिंद मागे गात होता आणि मी त्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होतो. मधे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत बोललो नसतो.

वहिनी उठल्या, गॅस बंद केला, परत आल्या.

"आधी का नाही आलात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"आधी नोकरीची. मग तुमची. मग... सवय झाली."

वहिनी डेककडे बघत म्हणाल्या, "एकवीस वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय, भावजी. रोज दिवा लावते आणि फोटोपुढं उभी राहून भांडते. घरात तान्हं लेकरू असताना एवढी कसली घाई होती तुम्हाला, म्हणून. पोरीला पण तेच शिकवलं. बापासारखी घाई करू नको, दोनदा बघ, मग हात लाव." त्यांचा आवाज चढला नाही, हे जास्त लागलं. "माझा माणूस बेपर्वा नव्हता तर."

"नव्हता, वहिनी. त्याच्याइतका जपून काम करणारा आमच्याकडे दुसरा नव्हता."

"मग त्यांची माफी आता मला मागायला पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा रडल्या.

मी माफी मागितली नसताना पुढे स्वतःच म्हणाल्या, "तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही. आज तरी नाही. पण आलात, बोललात. आणि करुणाला तुम्हीच सांगायचं. मी मधे पडणार नाही." मग डोळे पुसले. "भात झालाय. जेवून जा."

टेप संपून डेकचं बटण खट्कन वर आलं. मी मोबाईल बंद केला. निघायची तयारी म्हणून लॅपटॉप बंद करायला उघडला...

स्क्रीनवर रेकॉर्डिंग चालू होतं.

मघाच्या दोन मिनिटांच्या तुटक पट्टीखाली दुसरी पट्टी. मी सुरू न केलेली. अर्ध्या तासाच्या वर, एका बाजूची टेप जेवढी असते तेवढी, आणि आता शांत सरळ रेघ पुढे सरकत होती. मी थांबवली. पहिल्यापासून लावली.

मिलिंद. स्वच्छ. पहिल्या ढोलकीपासून. एक खाच नाही, टेपची खरखर सोडली तर काही नाही. मी पुढे नेलं. "...डोळे झाकून हात घालतो!" हशा. तिसरं गाणं. पुढे, अजून पुढे.

वहिनींनीच विचारलं, "आपलं बोलणं कुठंय?"

नव्हतं. माझा एक शब्द नव्हता. त्यांचं रडणं नव्हतं. मी मोबाईलचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यात सगळं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या, फरशी घासल्याचा आवाज, मी भसाड्या आवाजात "लाल वायर" म्हणतोय ते, आणि त्यामागे कुठेतरी दबलेला मिलिंद. एकाच खोलीत, एकाच वेळी. लॅपटॉपच्या आतल्या माईकनं ऐकलं असतं तर त्यालाही हेच ऐकू आलं असतं ना? सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून नाव दिसत होतं ते यूएसबी कार्डाचं. मी दाराकडे पाहिलं. बॅगेची चेन लावलेली. उघडली. कार्ड आत, वायर गुंडाळलेली, मी ठेवली होती तशीच.

वहिनींनी फोटोकडे बघून मान हलवली, घरातला माणूस नेहमीसारखं काहीतरी करून बसला की बायका हलवतात तशी, आणि ताटं घ्यायला गेल्या. मी जेवलो. इतकं साधं वरण-भाताचं जेवण मला इतकं गोड कधीच लागलं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंकडे गेलो. त्यांना बाकीचं काही सांगितलं नाही, फक्त फाईल दाखवली आणि कार्ड कुठे होतं ते. त्यांनी अर्धा तास उलटंसुलटं केलं. मग कॅसेट डेकला लावली, आणि पहिल्याच फेऱ्यात टेप गुंतून तुटली. त्यांनी जोडली, पण त्यावर आता नुसती घरघर उरलीय. ती फाईल झाली नसती तर...

"सुरेशभाऊ, मला नका विचारू," ते म्हणाले. "चाळीस वर्षं आवाज दुरुस्त करतोय. हा मी दुरुस्त केलेला नाही, तुम्ही पण नाही. मिळालाय ना? मग घ्या आणि शुक्र माना." कार्ड त्यांनी परत घेतलं नाही. माझ्याकडेच आहे. त्यानंतर कितीतरी वेळा जोडून बघितलं. साधं कार्ड आहे. जोडलं की चालतं, काढलं की बंद.

मी शुक्र मानतो. कुणाचे आभार मानायचे ते नक्की माहीत नाही म्हणून सगळ्यांचे मानतो. वहिनींचे, ज्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. सलीमभाईंचे. आणि मिलिंदचे. त्याला जर काही कळत असेल, तर त्याच्या आवाजात माझा कबुलीजबाब मिसळला नाही, याचे. लेकीला त्यानं गाणंच दिलं, माझी घाण बाजूला ठेवून. आणि मला बोलायला लावून मगच दिलं. असं मला वाटतं. पुरावा काही नाही. मीटर लावायला जागा नाही.

त्या रविवारी संध्याकाळीच बायकोला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणून तू चहा सोडलास." मी एकवीस वर्षं चहा घेत नाही, हे कुणाला जाणवलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

करुणाला फाईल पाठवली. तिचा लगेच फोन आला, रडत होती आणि हसत होती. "काका, बाबा हसताना माझ्यासारखं नाक वाजवतात!" तीनदा थँक्यू म्हणाली. मग म्हणाली, "पण बघा ना... स्वतःच सांगतायत, डोळे झाकून हात घालतो म्हणून. आई म्हणायची ते खरंच होतं की. एवढं कसं कुणी बेफिकीर असतं?"

मी म्हणालो, "येतो बेटा तुझ्याकडे, भेटून बोलू." आणि ठेवला. परत गप्प बसलो. इतकं सगळं होऊनही.

त्याला आता बारा दिवस झाले. मोबाईलमधली ती दुसरी फाईल, माझ्या कबुलीची, मी तशीच ठेवलीय. पण ती पाठवून सुटायचं नाही, हे मला कळतं. येत्या रविवारी ती घरी आहे. वहिनींना विचारून घेतलंय.

साऊंड कार्डाचं कोडं कुणाला सुटलं तर जरूर सांगा, मला सुटलेलं नाही. पण माझ्याकडे जे बाकी आहे त्यात कोडं काही नाही. तुझे बाबा निष्काळजी नव्हते, वायर मी लावली होती आणि मीच लपवली, हे करुणाच्या समोर बसून, तिच्याकडे बघून मी बोलायचं आहे. तेवढं मी तिचं देणं लागतो.